हॅलिडेबाईंचा फोन

ग्लेना आर्सेनोनं नोकरी सोडली, तीही माफी मागूनच. बेसिल ट्रेनहोमच्या सँडविचच्या दुकानातला हीटर नोव्हेंबरात बंद पडला. फेब्रुवारीपर्यंत ग्लेना हातमोजे घालून टोमॅटो चिरत होती. बोटं सुजली, डॉक्टर ओरडले, तेव्हा कुठे तिनं एप्रन घडी करून ठेवला.

नवरा रेजाँ मच्छीमार. त्याची होडी मेपर्यंत बर्फात, म्हणून दर हिवाळ्यात तो बेकारी भत्त्यावर; त्याचे सगळे नियम त्याला तोंडपाठ.

"आपणहून सोडलीस ना? मग सबळ कारण दाखव. आधी मालकाकडे तक्रार केल्याचा पुरावा दे. नाहीतर छदाम मिळायचा नाही!"

"चार चिठ्ठ्या दिल्यात! फोटोही काढून ठेवलेत."

अर्जासोबत फोटो पाठवले. तिसऱ्या दिवशी भत्ता कचेरीतल्या हॅलिडेबाईंचा फोन आला. रेजाँ कान लावून बसला.

"ही तक्रार आहे, बाई? 'प्रिय बेसिल, त्रास देतेय, माफ कर. जमलं तर हीटर बघशील? घाई मुळीच नाही. मी मजेत आहे.'"

"मजेत?" रेजाँनं कपाळावर हात मारला.

"एकदम अंगावर कसं जायचं?" ग्लेना कुजबुजली. "चौथी वाचा ना, ती फार कडक आहे."

"'प्रिय बेसिल, पुन्हा माफ कर. आज चाकू हातमोज्याला चिकटला, पण निघाला. तुझ्यासाठी मफिन ठेवलंय.'"

"वर मफिन!" रेजाँ किंचाळला.

"मालकांशी बोलून कळवते," म्हणत बाईंनी फोन ठेवला.

तासाभरानं पुन्हा घंटी. ग्लेनानं रिसीव्हर उचलला.

"चिठ्ठ्या मिळाल्या म्हणाले. पण तुम्ही हवापाण्याच्या गप्पा मारताय असं त्यांना वाटलं."

रेजाँनं पुन्हा कपाळ बडवलं.

"मग मी थंडीचं विचारलं. तर म्हणाले, 'हीटरचं काय घेऊन बसलात! डिसेंबरपासून मी फ्रिजसुद्धा बंद ठेवलाय. दूध, हॅम, सगळं ओट्यावर मस्त टिकतं!' फार अभिमानानं सांगितलं हो. कारण सबळ आहे, बाई. भत्ता मंजूर!"

रेजाँनं बायकोला उचलून स्वयंपाकघरभर नाचवलं.

दुसऱ्या दिवशी बेसिलचा फोन. "रेजाँ, आरोग्य खात्यानं टाळं ठोकलं रे दुकानाला! मला मिळेल का भत्ता?"

"मालकाला कुठला भत्ता, बाबा?"

पलीकडून एक हुंदका. ग्लेनानं रिसीव्हर ओढून घेतला.

"रडतोस काय? सूप करतेय, जेवायला ये," ती म्हणाली. "आणि लवकर ये. कांदे तुला चिरायचेत."