प्रश्न विचारायचं शिबिर

मोर्शीच्या समाजमंदिरात रविकांत सरांचं उन्हाळी शिबिर सुरू झालं आणि आठवडा उलटायच्या आत अख्ख्या गल्लीची झोप उडाली.

बाकीची शिबिरं पोरांना पोहणं, नाच, कराटे शिकवतात. सर शिकवणार होते कुतूहल. जन्मभर वर्गात त्यांनी "काही शंका?" असं विचारलं आणि समोरून कधी कोणी हूं की चूं केलं नाही. ही रुखरुख घेऊनच माणूस निवृत्त झाला. घरी कूलरमध्ये पाणी ओतायचं आणि बायकोची, म्हणजे विमलकाकूंची, बोलणी खायची, एवढंच काम उरलं होतं. त्यामुळे शिबिर म्हणजे त्यांचा जीव की प्राण! "कोणताच प्रश्न वाईट नसतो," त्यांनी पोरांना सांगितलं. "घरी जा, बिनधास्त विचारा!"

पोट्टेच ते. त्यांनी विचारलं.

जीवननं भर पंगतीत विचारलं, "बाबा, पाव्हने येऊन राहिले म्हनल्यावर तुमी कपाळाले हात काहून लावला होता?" पाहुणे रसाची वाटी अर्धी ठेवून उठले. रागिणीनं शेजारच्या काकूंना विचारलं, की तुमचं वय दरवर्षी तेवढंच कसं काय राहते. काकूंनी तिच्या आईशी बोलणं टाकलं.

पण खरा दणका बसला तो पंजाबरावांच्या घरी. पंजाबराव समाजमंदिराचे अध्यक्ष, तिथली किल्ली त्यांच्याच ताब्यात. जेवताना त्यांची नात आचल म्हणाली, "आजोबा, गायीले तुमी कपिला म्हनता, बैलाले सर्जा म्हनता. मंग आजीले नुसतं 'अवं' काहून?"

मनकर्णाबाईंची पळी हातातच राहिली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "रस वाढ." झालं! सकाळच्या गाडीनं बाई पिशवी भरून माहेरी, चांदूर रेल्वेला.

बरेच दिवस झाले तरी बाई परतायचं नाव घेईनात. मग पंजाबराव समाजमंदिरात आले ते कुलूप घेऊनच.

"मास्तर, शिबिर बंद! पोट्ट्यायले अक्कल शिकवून राहिले, का लोकायचे घरं मोडून राहिले?"

सर दारात आडवे आले. बंद म्हणजे पुन्हा तो कूलर आणि ती बोलणी! "पंजाबराव, पण वहिनी का येत नाहीत, हे विचारलं का त्यांना?"

"मी काहून विचारू? सुनेनं फोन केला ना!"

"मी इचारतो," म्हणत आचलनं आजोबांच्या खिशातला फोन काढून स्पीकरवर लावलासुद्धा. "आजी, तू घरी काहून नाही येऊन राहिली?"

आवाज नीट ऐकू यावा म्हणून कोणीतरी कूलर बंद केला.

"अवं बाई, माहेराहून लेकीनं आपल्या पायानं परत जायचं असते का?" आजी कडाडली. "घ्यायले कोनी आलं का मले? लग्न झाल्यापासून दर येळी माहा भाऊच आनून सोडते. तुह्या आजोबाले इचार, चांदूरची वाट तरी मालूम हाय का त्यायले!"

पंजाबरावांचा चेहरा उतरला. त्यांनी कुलूप खिशात टाकलं. "एवढंच होतं? बाप्पा! मले वाटलं..." वाक्य अर्धवट टाकून त्यांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि फोन तिथंच विसरून भर उन्हात बसस्टँडकडे निघाले.

सरांना आभाळ ठेंगणं झालं. शिबिर वाचलं! "पाहिलं का मुलांनो? एक सरळ प्रश्न विचारला की..."

"आचल," फोनमधून आजी म्हणाली, "तुह्या सरले इचार. विमल माहेरी गेली, तं हे जातात का घ्यायले?"

भराभर हात वर झाले. "सांगा ना सर! जाता का?"

"मुलांनो," सर घाईघाईनं म्हणाले, "आज आपण चित्रकला करू."

पोरांसाठी पन्हं घेऊन आलेल्या विमलकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली, पदरानं घाम टिपला आणि पहिल्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

"चित्रं मंग काढतील पोट्टे," त्या म्हणाल्या. "पह्यले उत्तर द्या."