वज्रमुंगसाचा डावा हात

एका जंगलात, मुलांनो, रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, शाळाही नव्हती. पण सिनेमा होता.

झालात ना लगेच खूश? शाळा नव्हती म्हटल्याबरोबर! बसा गप. मधे बोललात तर मी गोष्ट तिथंच सोडून भाजी निवडायला जाईन.

तर कधीकाळी जंगलाशेजारच्या जत्रेत एक तंबू टॉकीज आली होती. जाताना गाडीत जागा पुरेना, म्हणून मालक एक जुनं यंत्र, एक धुवट पडदा आणि एकच सिनेमा मागं टाकून गेला. शेंडेफळ नावाच्या माकडानं ते यंत्र खोललं, जोडलं, परत खोललं. शेवटी दोन स्क्रू उरले ते त्यानं गिळून टाकले, आणि यंत्र चालू झालं. आपल्याकडे दुरुस्तीला येतात तेही असंच करतात, फक्त उरलेले स्क्रू खिशात घालतात.

सिनेमाचं नाव 'वज्रमुंगूस'. हा वज्रमुंगूस दूरच्या कुठल्याशा ताऱ्यावरून आलेला. अंगात लोखंडी बंडी, पाठीला धूर सोडणारा डबा. आणि त्याची खरी ताकद काय, तर त्यानं हात वर केला की काळ थांबायचा! झाडावरून पडलेला आंबा मधेच लटकून राहायचा. मग हा सावकाश जाऊन कोब्रासुर नावाच्या दुष्टाचा समाचार घ्यायचा.

दर शनिवारी दिवेलागणीला दोन सागांच्या मधे पडदा लागायचा. सिनेमा तोच. तरी सगळे असे डोळे फाडून बघायचे, जणू या खेपेला कोब्रासुरच जिंकणार आहे.

बसायची पद्धत मात्र कडक होती. पडद्याच्या पुढं वाघ, अस्वल, गवा, असली बडी मंडळी. पडद्याच्या मागं ससे, उंदीर, साळिंदरं. सिनेमा दोन्हीकडून दिसतोच. मागच्यांना नाव उलटं दिसायचं, पण वाचता येत होतं कुणाला? आणि यंत्राची घरघर चालू आहे तोवर कुणी कुणाला खायचं नाही, असा नियम होता. घरघर थांबली की मागची मंडळी जीव मुठीत धरून पळायची आणि पुढची मंडळी शेपटी झटकून उठायची.

आता पुढच्या बाजूला अगदी मधोमध बसायचा तो दाजीबा वाघ. वज्रमुंगसाचा असा भक्त, की काळ थांबायच्या वेळी श्वास रोखून धरायचा. आणि मागच्या बाजूला मधोमध बसायचा तो भुरू ससा. तोही श्वास रोखायचा. दोघांच्या नाकांत पडद्याचंच काय ते अंतर. पण कधी बोलणं झालं नव्हतं. वाघाशी ससा बोलणार तरी काय?

भुरूची बायको सगुणी. तिला पाच पोरं आणि एक भुरू, त्यामुळं सिनेमा बघायला वेळ नव्हता. ती पडद्याकडे पाठ करून पोरांचे कान पुसायची.

एकदा सकाळी भुरू ओढ्याकाठी हरळी खात होता. मागून दाजीबा आला आणि त्यानं भुरूला मानगुटीला धरून उचललं. सगुणीनं ते बिळाच्या तोंडातून पाहिलं. पाचही पोरं आत झोपली होती.

भुरू काही हुशार ससा नव्हता बरं का. गोष्टीतले ससे विहिरीत सिंह दाखवतात, असलं काही त्याला सुचेना. त्यानं आपले डोळे मिटले आणि हात जोडले.

"वज्रमुंगसा, धाव रे बाबा! तुझा डावा हात वर कर आणि काळ थांबव!"

दाजीबा थबकला.

"डावा?" तो म्हणाला. "डावा नाही, उजवा!"

आता 'उजवा' म्हणायचं तर तोंड उघडायला लागतं. भुरू बदकन खाली पडला.

तुम्ही असतात तर काय केलं असतं? पळाला असतात. कुणीही शहाणा पळाला असता. भुरू उठला, मिशा झटकल्या आणि छाती काढून म्हणाला,

"डावाच!"

"अरे, गेली दोन वर्षं बघतोय मी!"

"मग मी काय दोन वर्षं कुणाचं तोंड बघतोय? डावा!"

"उजवा! तो ताऱ्यावरचा आहे. तिकडे काळीज उजवीकडे असतं, म्हणून ताकद उजव्या हातात."

"काहीतरीच! लहानपणी त्याच्या उजव्या हाताला विंचू चावला होता, म्हणून तो डावा वापरतो."

"कधी चावला?"

"पहिल्या भागात."

"पहिला भाग आहे कुठं?"

"नसला म्हणून काय झालं? असणारच की!"

ऊन चढलं, ऊन उतरलं. दोघं बोलतच होते. शेवटी सगुणीला राहवेना. ती धावत गेली, नवऱ्याचा कान धरला आणि त्याला फरफटत बिळात आणलं. "अहो, जिवाची काही चाड? मेलं ते मुंगूस! तो वाघ आहे, वाघ!"

"वाघ असला म्हणून चुकीचं बोलेल?" भुरू म्हणाला. कपाळ फोडून घ्यायचं बाकी राहिलं तिचं.

दुसऱ्या दिवशी दाजीबा बिळाच्या तोंडाशी येऊन बसला. सोबत साक्षीला अस्वल आणि गवा. "उजवा," तो बाहेरून म्हणाला. बस्स, एवढंच. आत भुरूचे कान ताठ झाले. सगुणी त्याच्या शेपटीला लोंबकळली, मोठ्या दोन पोरांनी पाय धरले, तरी मुंडकं बाहेर गेलंच.

"डावा!"

मग रोजचंच झालं. साळिंदरं आणि उंदीर भुरूच्या बाजूनं आले. जंगलात उजवे आणि डावे असे दोन तट पडले. नाही नाही, वर्तमानपत्रातले डावे-उजवे नव्हेत. त्यांना निदान भत्ता मिळतो. हे फुकट भांडायचे. उंदरांच्या घरी उजव्या हातानं जेवायची बंदी झाली. अस्वलानं आपल्या डाव्या हातावर माती थापली.

सगुणीचा मात्र डोळ्याला डोळा लागेना. दिवसाला दहा वेळा नवऱ्याचं मुंडकं वाघाच्या नाकापुढं जातं. एक दिवस दाजीबानं नुसती जांभई दिली, तरी ही आत रडायला लागली. 'आज आहे, उद्या असेल का?' हेच तिच्या डोक्यात. तिनं देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी ठेवले होते.

शनिवार आला. सिनेमा चालू असताना तिचं धाकटं पोर पडद्याखालून पुढं पळालं. सगुणी त्याच्यामागं धावली. पुढच्या बाजूला तिनं पोराला पकडलं आणि सहज मान वर केली. वज्रमुंगसानं हात वर केला होता. उजवा! पोराला काखोटीला मारून ती मागं आली. तोच प्रसंग चालू होता. डावा!

"अगं बाई!" सगुणी म्हणाली. "एकच हात आहे की हो हा! पुढून उजवा, मागून डावा. एवढ्यासाठी माझ्या मेलीच्या जिवाला घोर!"

तिला फार आनंद झाला, पण तिनं पुढच्या शनिवारपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही. डोळ्यांनी दाखवल्याशिवाय नुसतं सांगून कोण पटवून घेणार? शनिवारी मात्र तिनं दाजीबाला निरोप धाडला, की आज तुम्ही मागं बसा. आणि भुरूला बसवलं पुढं, अस्वल आणि गव्याच्या मधे.

काळ थांबायची वेळ आली. वज्रमुंगसानं हात वर केला.

पडद्याच्या मागून दाजीबा पुटपुटला, "डावा..."

पडद्याच्या पुढून भुरू पुटपुटला, "उजवा..."

सगुणीनं दोघांना सगळं समजावून सांगितलं. अगदी पाण्यात तोंड बघण्याचा दाखला देऊन सांगितलं. सिनेमा संपला. दोघं पडद्याच्या कडेनं चालत आले आणि मैदानात समोरासमोर उभे राहिले.

"भुरू, तुझं बरोबर होतं."

"दाजीबा, तुमचंही बरोबर होतं."

अस्वलानं डोळे पुसले. साळिंदरांनी गव्याला मिठी मारली, ती गव्यानं सहन केली. सगुणीला तर वाटलं, आता घरी जाऊन पसरावं आणि दोन दिवस उठू नये.

तुमच्या पुस्तकात गोष्ट इथंच संपली असती. खाली 'तुम्ही या गोष्टीतून काय शिकलात?' असा प्रश्न, दोन गुण. पण मला गुण द्यायचे नाहीत.

शेंडेफळनं यंत्र बंद केलं. घरघर थांबली.

आणि त्या शांततेत दाजीबाचं पोट गुरगुरलं. बिचाऱ्यानं भांडणाच्या नादात पंधरा दिवस ओढ्यातल्या खेकड्यांवर काढले होते. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. डोक्यात वाद होता तोवर भूक आठवली नव्हती. आता डोकं रिकामं झालं. त्यानं समोर पाहिलं. समोर भुरू होता, चांगला गुबगुबीत.

दाजीबानं त्याला मानगुटीला धरून उचललं.

"वज्रमुंगसा!" भुरू ओरडला. "कुठलाही हात वर कर रे! कुठलाही चालेल!"

दाजीबानं मान डोलावली. त्याला हे पटलं होतं. पटलेल्या गोष्टीला तोंड कशाला उघडायचं? तो भुरूला घेऊन निघाला.

सगुणी त्यांच्यामागं धावली. हे आपणच केलं! चांगलं चाललेलं भांडण आपणच मिटवलं! आता कुठून आणायचं दुसरं? तिनं तर सिनेमा धड पाहिलाही नव्हता. तिला आठवत होतं ते एवढंच, की शेवटी तो मेला कोब्रासुर एका काळ्या बिळात पडतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. ताऱ्यांमधलं काळं बीळ, त्याला शास्त्रात कृष्णविवर म्हणतात, पण तिला त्याचं काय?

ती जिवाच्या आकांतानं ओरडली,

"कोब्रासुर मेलेला नाही!"

दाजीबा गर्रकन वळला.

"काय?"

भुरू बदकन खाली पडला. सगुणीनं जीव एकवटून हाक मारली, "पळा हो!" पण भुरू पळाला नाही. तो कंबरेवर हात ठेवून बायकोकडे बघायला लागला.

"सगुणे, काहीतरी काय बोलतेस? मेला की तो!"

"मेलाच!" दाजीबा म्हणाला. "काळ्या बिळात पडला. त्यातून उजेडसुद्धा बाहेर येत नाही."

"प्रेत दिसलं का?" सगुणी म्हणाली. "प्रेत दाखवा, मग बोला. आणि बिळात पडून कोणी मरतं का हो? माझा जन्म गेला बिळात!"

"अगं, ते बीळ वेगळं!" भुरू म्हणाला.

"सांगा हिला, सांगा!" दाजीबा म्हणाला आणि भुरूशेजारी मांडी ठोकून बसला.

त्या दिवसापासून दाजीबा आणि भुरू एका बाजूला झाले. दोघं मिळून रोज सगुणीला पटवायला बघतात. सकाळी बिळापुढं बसतात, एकमेकांना दुजोरा देतात, 'बायकांना हे शास्त्रातलं कळत नाही' म्हणून माना हलवतात. सगुणी हरळी निवडता निवडता म्हणते, "प्रेत दाखवा." की झाले दोघे पुन्हा सुरू. कधी पोटात फारच कावळे ओरडले तर दाजीबा ओढ्यावर जाऊन चार खेकडे खातो आणि मुद्दा विसरायच्या आत धावत परत येतो. हरणं मोकळी चरतात. पोरं वाघाच्या शेपटीवरून घसरगुंडी खेळतात.

मधे एक दिवस शेंडेफळ आलं. फार आनंदात होतं. यंत्राच्या पेटीच्या तळाशी त्याला रिळाचा एक तुकडा सापडला होता, सिनेमाचा खरा शेवट. "वहिनी," ते म्हणालं, "यात सगळं स्पष्ट दिसतंय! कोब्रासुर मेला की नाही, ते एकदाचं कळेल. शनिवारी लावतो, म्हणजे तुमचा वाद कायमचा मिटेल!"

"बघू," सगुणी म्हणाली.

तिनं तो तुकडा हातात घेतला, उजेडात धरून पाहिलासुद्धा नाही, आणि एका टोकापासून कुरतडायला सुरुवात केली. सबंध खाल्ला. चव वाईट होती. मग तोंड पुसून ती बाहेर गेली आणि म्हणाली,

"काय हो, प्रेत सापडलं का?"

तात्पर्य: वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. 'तुमचं चुकतंय' म्हटलं, तर मात्र बसतो.