केंद्रबिंदूवर बसू नये

घर हा संस्कृतीचा आरसा आहे, असं थोर विचारवंत सांगून गेले. भांडारपालांच्या घरातला आरसा मात्र एका मंगळवारी संस्कृतीतून बाद झाला, कारण तो चौकोनी होता.

यंदा गोल चालतात. (मागच्या वर्षी अंडाकृती चालत होते. ज्यांनी ते घेतले, त्यांच्याबद्दल आता चारचौघांत बोलत नाहीत.)

ही बातमी भांडारपालांच्या मेव्हणीने दिली. मेव्हणीचं घर नुकतंच नवं झालं होतं. म्हणजे भिंती त्याच होत्या, पण आतलं सगळं गेलं होतं. ते पाहून भांडारपालांची बायको परत आली आणि स्वतःच्या बैठकीच्या खोलीच्या दारातच थबकली. बाईंनी एकतीस वर्षं सातवीला गणित शिकवलं होतं. उत्तर चुकलेल्या वहीकडे त्या जशा बघायच्या, तशा त्या खोलीकडे बघत होत्या. भांडारपालांना ती नजर ओळखीची होती. ते आपल्या आरामखुर्चीत आणखी जरा खोल सरकले.

या खुर्चीची इथे नोंद घेणं आवश्यक आहे. शिसवी लाकूड, वेताची बैठक, लांबलचक हात, डाव्या हातावर कपाचा गोल डाग. भांडारपालांनी एका मोठ्या कार्यालयाच्या भांडारात चौतीस वर्षं टेबलं, कपाटं आणि पंखे सांभाळले, आणि त्यातलं एकही त्यांचं नव्हतं. घरी आल्यावर कपाटं बाईंची, भांडी बाईंची, आणि रेडिओ ज्याच्या हाताला लागेल त्याचा. फक्त या खुर्चीत बसल्यावर "काय करताय?" असं त्यांना कुणी विचारत नसे. कारण उघड होतं, ते खुर्चीत बसले होते. अख्ख्या जगात त्यांची अशी एवढी एकच जागा होती, आणि ती जाऊ नये एवढंच त्यांना हवं होतं.

नूतनीकरणासाठीची तरतूद एका पाकिटात मावत होती आणि पाकीट सहज बंदही होत होतं. मेव्हणीकडे दिव्याच्या नुसत्या टोपीला तेवढे पैसे पडले होते. बाईंनी फोनवर ही अडचण मांडली.

"अगं ताई, पैसे लागतातच कुठे?" मेव्हणी म्हणाली. "यंदा रिकामं चालतंय. वस्तू काढायच्या, संपलं."

"आणि मग ठेवायचं काय?"

"जागा."

बाईंना हे गणित पटलं. तसं पाहिलं तर जगातल्या सगळ्या फॅशनींमध्ये रिकामेपणा ही सर्वांत स्वस्त. कित्येक गरिबांच्या घरी ती पूर्वापार आहे. पण त्यांनी ती ठरवून केलेली नसल्यामुळे हिशेबात धरत नाहीत.

भांडारपालांनी विरोध केला नाही. चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस विरोध करत नसतो, तो पद्धत सुचवतो.

"काढू या की," ते म्हणाले. "पण रीतसर काढू."

वस्तू रीतसर काढण्याला कार्यालयात निर्लेखन म्हणतात. नोंदवहीतून ती कायमची वजा करण्याचा हा विधी. अर्ज अकरा रकान्यांचा, समिती तीन जणांची, शेरे प्रत्येकी दोन. निरुपयोगी वस्तू तातडीने जावी असा त्यामागचा हेतू आहे, आणि भांडारपालांच्या संपूर्ण कारकिर्दीत एक वस्तू गेलीही. ते भिंतीवरचं घड्याळ होतं. पुढे तेही परत आणलं, कारण निर्लेखन समितीची बैठक किती वेळ चालली हे कुणालाच सांगता येईना. अशा भक्कम पद्धतीच्या आडोशाला आपली खुर्ची सुखरूप राहील, असा भांडारपालांचा अंदाज होता.

त्यात चूक एकच झाली. कार्यालयातल्या समितीवर कार्यालयातली माणसं असत. घरच्या समितीवर बाई होत्या.

एका बैठकीत साठ वह्या तपासायची सवय असलेल्या बाईंनी सोमवारी अर्ज हातात घेतले आणि गुरुवारी दुपारच्या चहापर्यंत एकशे बारा निकालात काढले. अध्यक्ष त्या, सचिव भांडारपाल, तज्ज्ञ सदस्य मेव्हणी (फोनवरून, अधूनमधून भाजी चिरत). इतिवृत्तातले काही उतारे मुद्दाम देण्यासारखे आहेत.

टीपॉय, एक. वापर: पायाला लागणे. निर्णय: जावे.

सूर्यास्ताचं चित्र, चौकटीसह. सूर्य गेली एकोणीस वर्षं मावळतो आहे. निर्णय: मावळू द्यावा.

लाकडी बाक, लांब. पाहुणे बसतात. अध्यक्षांचा शेरा: "म्हणूनच जात नाहीत."

पुस्तकांचं कपाट. ठेवण्यास हरकत नाही; मात्र पुस्तकं उलटी लावावीत, म्हणजे रंगीबेरंगी पाठी दिसणार नाहीत, नुसत्या पानांच्या शांत कडा दिसतील. सचिवांनी शंका काढली, "मग हवं ते पुस्तक सापडायचं कसं?" त्यावर तज्ज्ञ सदस्यांनी "भावोजी, तुम्ही वाचता?" असं विचारलं. हा प्रश्न इतिवृत्तात घेतलेला नाही.

आता, काढलेल्या वस्तू कुठेतरी जाव्या लागतात. सुदैवाने वरच्या मजल्यावर दंतवैद्यांचा दवाखाना होता. त्यांनाही बाहेरची खोली सजवायची होती आणि त्यांच्याही पाकिटाची प्रकृती तोळामासाच होती. "काका, माझा सजावटवाला म्हणतो, यंदा जुनं चालतंय," ते भांडारपालांना म्हणाले. "चरे असतील तर फारच छान." एका मजल्यावर वस्तू काढण्याची फॅशन, डोक्यावरच्या मजल्यावर त्याच वस्तू भरण्याची. मधला जिना दोन्ही विचारसरणींना सारख्याच आदराने वागवत होता. बाक त्याने वळणावर तेवढा दोनदा अडवला.

शेवटी एकशे तेरावा अर्ज आला.

"वापर?" अध्यक्षांनी विचारलं.

"रोज."

"कशासाठी?"

"बसायला."

"बसायला काय, कुठेही बसता येतं," तज्ज्ञ सदस्य फोनमधून म्हणाल्या. "आमच्याकडे सगळे जमिनीवरच बसतात."

"आणि उठतात?"

फोनमध्ये क्षणभर भाजी चिरायची थांबली. "हे परवापासून बसलेत," मेव्हणी म्हणाली. "उठतील हळूहळू. घाई कशाला?"

भांडारपालांनी मग राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता टाकला. मेव्हणीनेच दिलेल्या सजावटीच्या मासिकात, पान नऊवर, लिहिलं होतं की रिकाम्या खोलीत एक वस्तू ठेवता येते. तिला केंद्रबिंदू म्हणतात. "ही खुर्ची आपला केंद्रबिंदू," ते म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज किंचित कापला. तो ऐकून बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या कडक होत्या, पण अन्याय त्यांनी सातवीतल्या कुणावरही केला नव्हता.

"मंजूर," त्या म्हणाल्या.

भांडारपालांच्या आयुष्यात इतका निखळ विजय यापूर्वी झाला नव्हता. त्यांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं, डुलत डुलत खुर्चीपर्यंत गेले आणि बसायला वाकले.

"अहो! अहो!" बाई ओरडल्या.

"काय झालं?"

"केंद्रबिंदूवर बसायचं नसतं!"

पान दहावर तसं होतं. भांडारपालांनी पान नऊवरच वाचन थांबवलं होतं.

खुर्चीला मातकट रंग दिला गेला, आणि पाकिटात जे उरलं ते एका वाळक्या फांदीला लागलं. (तशीच फांदी खाली रस्त्याकडेला होती, पण ती नुसती पडलेली होती. विकत आणलेली फांदी मांडलेली असते.) फांदी खुर्चीत मांडली. भांडारपाल भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्या पाठीचा डाग पडतो म्हणून नंतर भिंतीपासून चार बोटं दूर उभे राहिले.

खोली बघायला माणसं येऊ लागली. पूर्वी पाहुणा सरासरी एक तास चाळीस मिनिटं थांबत असे. आता सहा मिनिटं थांबू लागला, त्यातली चार कौतुकात जात. "किती मोकळं वाटतं हो!" असं या पायावरून त्या पायावर होत प्रत्येक जण म्हणे. बसायचं कुठे, हे एकानेही विचारलं नाही. तसं विचारणारा मागासलेला ठरला असता. तीन आठवड्यांत इमारतीतली आणखी दहा घरं रिकामी झाली. तळमजल्यावरच्या शिंप्याने तर उत्साहाच्या भरात शिवणयंत्रही वर पाठवलं, आणि आता तो गिऱ्हाइकांना कपड्याविषयी फक्त सल्ला देतो.

बाविसाव्या दिवशी भांडारपालांच्या पोटऱ्यांनी काम थांबवलं. ते कठडा धरून जिना चढले, दंतवैद्यांच्या बाहेरच्या खोलीत गेले, आणि स्वतःच्याच बाकावर बसले. हे बसणं किती सुंदर होतं याचं वर्णन भाषेत होणार नाही, कारण भाषा बहुधा उभ्याने तयार झालेली आहे.

"काका, क्रमांक घेतलात?" दंतवैद्यांनी आतून विचारलं.

क्रमांकाशिवाय बसता येत नव्हतं, आणि क्रमांक घेतला की दात दाखवावे लागत. पहिल्या दिवशी त्यांनी दात साफ करून घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दंतवैद्य म्हणाले, "काका, आता काही उरलं नाही, चमक डोळ्यांवर येतेय," तेव्हा भांडारपालांनी एका निर्दोष दाढेत सिमेंट भरून घेतलं. रोजच्या एका तासाच्या बैठकीपुढे एक दाढ म्हणजे काहीच नव्हतं. त्यांच्याकडे अजून सव्वीस दाढा होत्या असं नाही, पण पुढचे दात धरले तर तेवढा आकडा भरत होता.

आठव्या दिवशी ते वर गेले तेव्हा बाकाच्या पलीकडच्या टोकाला बाई बसल्या होत्या. हातात क्रमांक अकरा.

दोघांनीही आधी सूर्यास्ताच्या चित्राकडे बघून घेतलं.

"तुला काय झालं?" भांडारपालांनी विचारलं.

"दाढ दुखतेय."

"कोणती?"

"अजून ठरवलं नाही," बाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, हळूच, "अहो, गुडघे गेले हो माझे."

"मग खुर्ची…"

"चूप. ती बघायला उद्या ठाण मांडून बायका येणार आहेत." त्यांनी जीभ चावली. "म्हणजे, उभ्याने येणार आहेत."

भांडारपाल हसले, आणि त्यांचे घासूनपुसून घेतलेले दात खोलीभर लखलखले. महिनाभरात नवरा-बायको पहिल्यांदाच शेजारी बसून बोलली. टीपॉय त्यांच्या पायाला लागला, तेव्हा दोघांनाही भरून आलं. सभोवती नजर टाकली तर शिंपी होता, त्याची वहिनी होती, चौथ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर होते, आणि गालाला रुमाल लावलेली साक्षात मेव्हणी होती. ("तुझे हे उठले का?" "उठले. आता आत खुर्चीत आहेत. तिथून उठत नाहीत.") अकरा घरांचं सगळं सामान आणि अकरा घरांची सगळी माणसं एकाच खोलीत आनंदात नांदत होती. इमारतीतले सगळे दात आता निरोगी होते आणि तरीही गर्दी हटत नव्हती. वैद्यकशास्त्रात अशी साथ पूर्वी आलेली नाही.

ती गर्दीच नडली. पुढच्या सोमवारी दंतवैद्य हात जोडून बाहेर आले. "काका, सजावटवाला म्हणतो, यंदा आता दवाखान्यांतही रिकामं चालतंय. तुमच्याकडे ते अकरा रकान्यांचे अर्ज असतील ना?"

असे अर्ज शंभराने होते. भांडारपाल बाकावरून उठले आणि आणायला गेले. पद्धतीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही, आणि दवाखान्याची खोली दोन दिवसांत मोकळी झाली. सामान कोण घेऊन गेलं ते कळलं नाही. एवढंच ऐकिवात आलं की कुठल्याशा घरांत अजून जुनं चालतंय.

अशा घरांचा शोध चालू आहे. तुम्ही हे एवढं सगळं बसून वाचलंत, हे भांडारपालांच्या लक्षात आलेलं आहे. वाचता वाचता तुम्ही दोनदा मान वर करून समोरच्या कोपऱ्याकडे पाहिलंत, आणि तिथलं काय काढायचं तेही मनाशी ठरवलंत, याबद्दल त्यांची तक्रार नाही. प्रगतीच्या आड येणारी माणसं ती नव्हेत. ते आणि बाई तुमच्या दाराशीच उभे आहेत. चहा नको, पाणीही नको. तुमचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. तोपर्यंत फक्त, जमलं तर, जरा पलीकडे सरकता का?