विहिरीचा पिच्चर

भागवतनं वाशिमहून लोखंडी फाटक आणून अंगणात आडवं टाकलं आणि जगदेवरावांनी हातातला चहा कपासकट त्याच्यावर भिरकावला. कप फुटला, फाटकाला काही झालं नाही. कस्तुराबाई गुपचूप तुकडे गोळा करायला बसल्या. बापलेकांनी फोडायचं आणि त्यांनी गोळा करायचं, अशी त्या घरात जुनी वाटणीच होती.

"विहिरीले फाटक लागनार नाई!" जगदेवराव गरजले.

"काहून नाई? विहीर आपली, वावर आपलं, संत्रा आपला वाळून राह्यला. अन् अर्धं गाव मोटरसायकलीवर ड्रम घेऊन येऊन राह्यलं. कुलूप लावतो म्हनलं का तुमाले तो पिच्चर आठोते!"

"आठोतेच! टोपीवाल्यानं काय सांगतलं होतं? पानी कोनाच्या बापाचं नाई!"

भागवतनं कपाळावर हात मारून घेतला. हे वाक्य त्यानं पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं.

पन्नास वर्षांपूर्वी अनसिंगच्या जत्रेत तंबू टॉकीज आली होती. मालकानं कुठून तरी स्वस्तात घोडेवाल्यांचा एक जुना इंग्रजी सिनेमा उचलून आणला होता. इंग्रजी कळणार कोणाला? म्हणून त्यानं बौद्ध वस्तीतल्या, मॅट्रिकला बसलेल्या ग्यानबाला धरलं, हातात पत्र्याचा भोंगा दिला आणि पडद्याच्या बाजूला उभं केलं. पडद्यावरची माणसं बोलायची आणि ग्यानबा ते वऱ्हाडीत ओरडून सांगायचा. गोष्ट अशी होती, की एका गावात दांडग्या सावकारानं विहिरीला कुंपण घातलंय, लोक पाण्यावाचून तडफडतायत, छातीवर चांदणी लावलेला पोलीस पाटील सावकाराला मिळालाय, आणि मग टोपीवाला येतो. शेवटी सगळ्यांना लोळवून तो घोड्यावर बसतो, एवढं एक वाक्य बोलतो आणि निघून जातो. अख्खा तंबू ढसाढसा रडला होता. हल्लीचा सिनेमा माणूस गाडीच्या स्टँडवर पोचेपर्यंत विसरतो. त्या टोपीवाल्याच्या आठवणीनं मात्र गावातले म्हातारे अजून नाक पुसतात.

जगदेवरावांच्या विहिरीभोवती त्या काळी बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. बौद्ध वस्तीतल्या बायांनी बाहेर भांडी घेऊन उभं राहायचं आणि वरून कोणी ओतलं तर पाणी न्यायचं, असा तेव्हाचा निर्लज्ज रिवाज होता. सिनेमा पाहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते काटे नाहीसे झाले. ज्याला पाहिजे त्यानं आपला दोर टाकावा आणि पाणी ओढावं. तेव्हापासून जयंतीला वस्तीतून जगदेवरावांना मानानं बोलावणं यायचं. ते स्टेजवर बसायचे आणि दरवर्षी सगळा सिनेमा पहिल्यापासून सांगायचे. वस्तीतल्या नळाला अजूनही आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यामुळे ती विहीर कोणी विसरूच शकत नाही.

"बा, एक सांगा," भागवत म्हणाला. त्याचा आवाज एकदम गोड झाला होता, आणि ते वाईट लक्षण होतं. "त्या पिच्चरात विहीर नसन तं?"

"नसन? अख्ख्या अनसिंगनं पाह्यली! नसन तं लाव फाटक. मी सोता बिजागऱ्या ठोकून देतो!"

"माय, तू ऐकलं ना? आता बदलू देऊ नको याईले."

भागवतच्या मोबाईलवर तो सिनेमा चार दिवसांपासून पडून होता. पूर्ण, आणि हिंदीत. त्यानं तो दोनदा पाहिला होता. रविवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात 'आपल्या गावाचा लाडका पिच्चर' फुकट दाखवणार, अशी दवंडी त्यानं त्याच संध्याकाळी पिटली.

दवंडी ऐकून गाव आनंदलं. ग्यानबाला घाम फुटला.

ग्यानबा एसटीत कंडक्टर होऊन रिटायर झाला होता. पण गावात त्याची ओळख इंग्रजी येणारा माणूस अशीच होती, आणि त्याच्या इंग्रजीत मूळ गडबड होती. त्या सिनेमातली माणसं तोंडातल्या तोंडात काय पुटपुटत ते त्याला ओ की ठो कळलं नव्हतं. एकच शब्द स्वच्छ कळला होता, वेल. वेल म्हणजे विहीर, हे त्यानं आठवीत पाठ केलं होतं. आणि पडद्यावर जो तो तोंड उघडला की आधी 'वेल' म्हणत होता. सावकार म्हणे वेल, पाटील म्हणे वेल. टोपीवाला तर दारूच्या दुकानात शिरताच 'वेल, वेल, वेल' म्हणाला. म्हणजे तीन विहिरींचं भांडण! बाकीची गोष्ट ग्यानबानं त्यावरून जुळवली. पुढं त्याची मुलगी रूपा बारावीला गेली आणि तिनं एकदा सहज सांगितलं, "बाबा, वेल म्हंजे दरवेळी विहीर नसते. बोलाच्या आधी आपन 'बरं' म्हनतो ना, तसंबी असते." ग्यानबा त्या दिवशी जेवला नव्हता. तेव्हापासून ही गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

आता त्याला स्वतःचा, रूपाचा, भागवतचा आणि त्या तंबूवाल्याचा एकदमच राग आला. तो तरातरा लाइनमन भाऊसिंगकडे गेला.

"भाऊसिंग, रविवारी दुपारी गावाची लाइन बंद ठेव."

"काहून?"

"तुले काय करायचं? ठेव म्हनलं तं ठेव!"

"काका, डोकं फिरलं का? मी सोता खुर्ची धरून ठेवली. माहा बाप मरेपर्यंत त्या टोपीवाल्याची गोष्ट सांगत होता. काई बी झालं तं मी रविवारी लाइन जाऊ देनार नाई!"

रविवारी भाऊसिंगनं शब्द पाळला. मे महिन्याचं ऊन, खिडक्यांना ताडपत्र्या ठोकलेल्या, आत तीनशे माणसं आणि पंखे चार. पडदा म्हणून कस्तुराबाईंची पांढरी चादर लावलेली. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. ग्यानबा मुद्दाम प्लगच्या शेजारी बसला आणि नावं येताच त्यानं पायानं तो उपटला. भागवतनं लावला. ग्यानबानं पुन्हा उपटला. तिसऱ्यांदा भागवतनं त्याच्या बखोटीला धरून उठवलं आणि नेऊन जगदेवरावांच्या शेजारी, सगळ्यांच्या पुढं बसवलं.

"काका, तुमी पावने. तुमी पुढं बसा."

सिनेमा सुरू झाला. टोपीवाला घोड्यावरून आला तेव्हा टाळ्यांनी पत्रे हलले. मग तो बोलू लागला आणि पहिल्या पाच मिनिटांतच गावाचं डोकं फिरलं. टोपीवाला शुद्ध हिंदीत कोणाला तरी सांगत होता, की मागच्या महिन्यात त्यानं आगगाडी लुटली.

"हे काय? टोपीवाला चोर हाय?"

"कोन म्हनते चोर? आवाज बदलला बे यायनं!"

"अन् पोलीस पाटलाले शेरीफ कायले म्हनून राह्यले? पाटलाचं नाव शेरीफ होतं का?"

"पाटील सावकाराले मिळेल होता! हा तं चांगला बोलून राह्यला!"

सावकार पडद्यावर आला आणि म्हणाला, की लुटलेलं सोनं परत मिळालं तर तो ते अनाथ मुलांना वाटणार आहे. त्यासरशी मागून एक चप्पल आली आणि चादरीवर बसली. पाठोपाठ दुसरी. एक म्हातारा उठून ओरडू लागला, की त्याच्या लहानपणीचा सिनेमा बिघडवणाऱ्याला गावात पाय ठेवू देणार नाही. भाऊसिंग रागानं लाल झाला होता. "माहा बाप खोटं सांगत होता का?" तो ज्याला त्याला विचारत होता. उकाड्यानं आधीच तापलेली माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली. भागवत खुर्चीवर चढला आणि त्यानं सिनेमा थांबवला.

"आवाज बदलला म्हनता ना? मंग आवाज सोडा! डोळ्यानं पाह्यलं ना अर्धा तास? कुठं हाय विहीर? दाखवा मले! घोडे हायेत, दारूचं दुकान हाय, आगगाडी हाय. विहीर कुठं हाय?"

खरंच, विहीर कुठंच नव्हती. पन्नास वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांपुढं असलेली, दगडी बांधाची, रहाटाची ती विहीर पडद्यावर आलीच नव्हती.

जगदेवरावांनी शेजारी पाहिलं. "ग्यानबा, सांग. हाय का नाई?"

"जगदेवभाऊ, तसं पाह्यलं तं..."

"हाय का नाई बे!"

ग्यानबा ताडकन उठला. घाबरलेला माणूस चिडतो तसा तो चिडला होता. "नाई! नाई हाय विहीर! वेल वेल करून राह्यले होते ते, मले वाटलं विहीर! वीस वर्षांचा होतो मी. हातात भोंगा देल्ला अन् सांग म्हने. काय सांगू? तुमी रडत होते ना? मंग? आता काय फाशी द्यान मले?"

जगदेवरावांचा चेहरा उतरला. एवढी वर्षं स्टेजवर बसून सांगितलेली गोष्ट अशी भर उन्हात नागडी झाली होती. ते पुटपुटले, "म्हंजे मी खोट्या गोष्टीवर विहीर मोकळी केली?"

"झालं!" भागवतनं टाळी वाजवली. "उद्या सकाळी फाटक लागते. बा, बिजागऱ्या तुमी ठोकनार होते."

उजवीकडच्या लोकांनी माना खाली घातल्या. वस्तीतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. उद्यापासून पाणी कुठून आणायचं, हाच हिशेब प्रत्येकाच्या तोंडावर होता.

तेवढ्यात डावीकडून कस्तुराबाई उठल्या. तीनशे माणसांसमोर त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या. त्यांचा आवाज थरथरत होता, पण तो रागानं.

"कोनं मोकळी केली विहीर?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "तुमी? तुमी तं झोपेल होते. काटे म्या काढले. उजाडाच्या आधी, एकटीनं. हे पाहा," त्यांनी तळहात पुढं केला, "अजून डाग हायेत. तुमी उठल्यावर आठ दिवस मले शिव्या देल्ल्या. मंग बजारात लोकं वाहवा कराले लागले, तवा चूप बसले."

"मी मनातून..." जगदेवराव म्हणाले.

"मनातून राहू द्या."

बायांमध्ये कोणीतरी हसलं. जगदेवराव खुर्चीत बुडाले. भागवत मात्र मागे हटायला तयार नव्हता. "माय, काटे कोनंबी काढो. काढले तं ग्यानबाकाकाच्याच खोट्या गोष्टीवरून ना?"

"ग्यानबाभाऊची गोष्ट मले ऐकूच आली नाई. आमा बायांच्या बाजूनं टॉकीजचं इंजीन होतं. भडभड भडभड. कोन काय बोलून राह्यलं, एका बाईले ऐकू आलं नाई. आमी नुसतं पाह्यलं. फुडं एक बाई येते त्याच्यात. कडेवर लेकरू हाय. मोठ्ठं दार हाय, बंद. ती बाहेर उभी राह्यते. बोलत नाई, रडत नाई. उभी राह्यते नुसती, अन् कोनी दार खोलत नाई. घरी आली तं मले झोपच नाई. रोज सकाळी आपल्या काट्याबाहेर अशीच एक उभी राह्यत होती. ही चंपाबाई. हिचं तोंड म्या तवरोक कदी पाह्यलंच नोतं. वरून पानी ओतताना फक्त भांडं दिसते."

ग्यानबाची बायको चंपाबाई खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

"राह्यला सवाल शर्तीचा," कस्तुराबाई मुलाकडे वळल्या. "शर्त तुह्या बापानं लावली. वावर माह्या नावावर हाय. सीलिंगच्या वक्ती याईनंच करून देल्लं होतं, जमीन वाचवाले. सातबारा पाह्य जाऊन. माह्या विहिरीले फाटक लागनार नाई. लयच हौस असन तं तुह्या खोलीले लाव."

भागवत खुर्चीवरून उतरला. त्याला उतरताना पाहून टाळ्या वाजल्या, त्याचा त्याला सगळ्यात जास्त राग आला.

सगळ्यात मोठा घाव मात्र ग्यानबाला बसला होता. "वैनी, काईच ऐकू येत नोतं म्हनता? बेंबीच्या देठापासून ओरडत होतो मी! त्या तंबूवाल्याले अक्कल नोती का? इंजीन तिकडं कोनं ठेवलं? तीन दिवस माहा घसा बसला होता!" तंबूवाला मरूनही तीस वर्षं झाली होती. तरी ग्यानबानं त्याला पाच मिनिटं शिव्या घातल्या.

"बरं, आता राह्यलेला पिच्चर पाहू द्या," कोणीतरी ओरडलं. "हिंदी नको! भागवत, आवाज बंद कर. काका, तुमी सांगा!"

ग्यानबाचा राग जरा निवळला. घसा खाकरून तो नेहमीच्या जागी, पडद्याच्या बाजूला जायला निघाला. तोच बायांच्या बाजूनं एकदम गलका झाला.

"त्याचाबी नको! बस खाली!"

ग्यानबा बसला. नाइलाजानं, फुगून, बायांच्या रांगेच्या टोकाला चंपाबाईच्या शेजारी रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवर. आवाज बंद करून भागवतनं सिनेमा सुरू केला. पंख्यांच्या घरघरीत घोडे धावू लागले. पडद्याच्या बाजूला उभं राहून, लोकांकडे तोंड करून ग्यानबानं हा सिनेमा वीस वेळा सांगितला होता. समोरून तो आज पहिल्यांदा पाहत होता.

बऱ्याच वेळानं पडद्यावर एक बंद दार आलं. दाराबाहेर एक बाई, कडेवर लेकरू. ती उभी राहिली. उभीच राहिली.

ग्यानबानं डोळे बारीक केले. पुन्हा मोठे केले. त्याला पुन्हा रागच आल्यासारखं वाटत होतं.

"ही बाई कोन हाय?" तो बायकोच्या कानाशी लागून म्हणाला. "ही तं नोती याच्यात."

"पयल्यापासून अथीच हाय," चंपाबाई म्हणाली. "चूप बसा."