बिराजदार सरांचं ‘नव्हतंच’

आमच्या शेजारच्या बिराजदार सरांसमोर ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय नाही. ते लगेच अडवतात. "माहीत नव्हतं, की नव्हतंच?"

सर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं, की इलेक्ट्रॉनचा स्पिन वर की खाली, हे मोजेपर्यंत ठरलेलंच नसतं. मी विचारलं, म्हणजे डब्यात शेंगाचटणी आहे की लसणाची, हे झाकण उघडल्यावर कळतं तसं का? सर कळवळले. चटणी आधीच ठरलेली असते. इलेक्ट्रॉनचंही तसंच धरून गणित मांडलं, तर ते प्रयोगाशी जुळत नाही. मग त्यांनी तासभर समजावलं. घरी परतताना माझी चटणीबद्दलचीही खात्री गेली होती.

शिंप्याकडे, पोस्टाच्या रांगेत, सर हेच सांगत. माणसं हळूहळू पांगत. टिकल्या फक्त सरांच्या पत्नी, आमच्या काकू. संध्याकाळी ओसरीवर मटकी निवडत त्या सगळं ऐकायच्या, मान डोलवायच्या, मधूनच हसायच्या. अख्ख्या सोलापुरात क्वांटम कळलेली ही एकच बाई, असं सर अभिमानानं सांगत.

दिवाळीला काकूंची भाची आली आणि त्यांना हट्टानं कान तपासायला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांनी कित्येक वर्षांपासून जवळजवळ काहीच ऐकू येत नसणार.

सरांनी आमच्याकडे येऊन हे सांगितलं. त्यांना धीर द्यायला मी त्यांचाच सिद्धांत काढला. म्हटलं, तपासणीआधी काकूंचं बहिरेपण ठरलेलंच नव्हतं, मग तुमची काय चूक?

सरांनी मान हलवली. "ते इलेक्ट्रॉनचं. हे होतंच की. मी सांगतच बसलो. तिला कधी काही विचारलंच न्हाई."

काकूंना कानाचं यंत्र बसल्यावर मी एकदा विचारलं, इतकी वर्षं मान कशाला डोलवत होतात?

"बोलताना लई खुशीत असायचे की," काकू म्हणाल्या. "मधीच कुटं तोडायचं?"

हल्ली सर खुर्ची वळवून त्यांच्या समोर बसतात. एक वाक्य बोलतात, थांबतात, कळलं का विचारतात. काल सगळं सांगून झाल्यावर काकू स्पष्टच ‘न्हाई’ म्हणाल्या.

सरांनी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.