पेट्रोल उतरू द्या, मग पाहू

पेट्रोल स्वस्त झालं म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या सेलूचे दादारावजी.

माझं कापडाचं दुकान आणि त्यांचं कृषी केंद्र यांच्यामध्ये एकच भिंत आहे. घरंही मागे लागूनच. त्यामुळे दादारावजींचं पेट्रोलपुराण मी गेली कित्येक वर्षं सकाळ-संध्याकाळ ऐकत आलो आहे. बियाणं घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला आधी पेट्रोलचा भाव सांगायचा आणि मग बियाण्याचा, असा त्यांचा शिरस्ता. त्यांना लग्नाचं आमंत्रण द्या, केळझरच्या गणपतीला चला म्हणा, हिंगणीला हुरड्याला बोलवा; उत्तर ठरलेलं असतं. "पेट्रोल उतरू द्या ना जी, मंग पाहू."

बरं, गाडी नाही असंही नाही. छोटी पांढरी गाडी आहे, जुनी, पण ओरखडा नाही. ओरखडा पडायला गाडी रस्त्यावर यावी लागते. रोज सकाळी दादारावजी तिचं कव्हर काढतात, घडी घालतात, गाडी सुरू करून फाटकापासून समोरच्या कडुलिंबापर्यंत नेतात आणि तशीच मागे आणून उभी करतात. याला ते "गाडी फिरवून आणली" म्हणतात. एकदा मी सहज म्हटलं, मलाही फिरवून आणा. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमी बसले का ॲव्हरेज घसरते." माझं वजन माझ्या सासुरवाडीतही कुणी असं तोंडावर काढलं नव्हतं.

बाकी सगळी कामं स्कूटरवर. तीही उतार आला की बंद. सेलूसारख्या सपाट गावात उतार शोधून काढायलासुद्धा नजर लागते, ती त्यांना आहे. पेट्रोल भरायचं ते पहाटेच, कारण "थंडीत पेट्रोल घट्ट राह्यते." पंपावरच्या माणसानं भरून झाल्यावर नळी उचलली की दादारावजी त्याचा हात धरून ती दोनदा झटकायला लावतात. दर सोमवारी स्कूटरवर पायाशी एक कॅन ठेवून तीही भरून आणतात. शेतातल्या फवारणीच्या पंपासाठी, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. भर मे महिन्यात ते कशावर फवारणी करतात हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. दुसऱ्याच्या शेतात नाक खुपसू नये, असं माझं मत आहे.

दर दिवाळीला त्यांना एक फोन यायचा. अल्लीपूरला त्यांची धाकटी बहीण असते, सुमनबाई. तिचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले. भाऊबीजेला ये, म्हणून ती दादाला फोन करायची. दादारावजी फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, कानाला लावला की कान तापतो म्हणून. त्यामुळे संभाषण गल्लीला पाठ होतं.

"दादा, येतो ना यंदा?"

"पेट्रोल उतरू दे सुमे, मंग येतो."

"एश्टीनं जा ना जी," वहिनी आतून म्हणायच्या.

"एश्टीत मले मळमळते."

सख्ख्या बहिणीकडे जायला माणूस पेट्रोलचा हिशोब करतो, याचा मला मनापासून राग यायचा. मी तो घरी बायकोजवळ व्यक्त करायचो. शेजारधर्म म्हणून काही असतोच.

आणि मग एका वर्षी ऐन दिवाळीत पेट्रोल खरंच उतरलं.

काय ती सकाळ! पंपावर रांग लागली. लोक एकमेकांना दिवाळीच्या आधी पेट्रोलच्याच शुभेच्छा देत होते. आदल्या संध्याकाळी टाकी फुल्ल केलेले चार-पाच जण बाजूला उभे राहून कपाळाला हात लावत होते. त्यात मी होतो. ज्यांनी सकाळी भरलं त्यांना ते पेट्रोल जाळायची घाई झाली. आमच्या गल्लीतला एक जण बायकोला मागे बसवून बोर धरणापर्यंत गेला, पाणी पाहिलं आणि परत आला. पाणी एरवीही होतंच तिथे. ऑटोवाल्याला मी विचारलं, आता भाडं कमी करशील ना? तो म्हणाला, "आमी चढलं तवा वाढवलं, भाऊ. उतरल्यावर कमी कराचं, असं कोनी सांगतलंच नाई." मीही न राहवून दुपारी केळझरला जाऊन गणपतीला नमस्कार करून आलो. स्वस्ताईनं त्या दिवशी आम्हा सगळ्यांना चांगलंच खर्चात पाडलं.

एकटे दादारावजी दुकानात खताच्या पोत्यावर बसून होते. मी म्हटलं, "दादारावजी, उतरलं ना जी! पेढे द्या."

"टिकत नाई ते," ते म्हणाले. "दोन दिवसांत चढते पाहा."

एवढ्यात फोन वाजला. स्पीकर होताच.

"दादा, पेट्रोल उतरलं. टीव्हीवर पाह्यलं म्या."

"चढते ते परत, सुमे."

"परवा भाऊबीज हाय. परवापरेंत तर नाई चढत ना?"

इतकी वर्षं ज्या वाक्यामागे माणूस लपून बसला होता ते वाक्यच सरकारनं काढून घेतलं होतं. मला, खरं सांगतो, गंमत वाटत होती. ते शेवटी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ते माझ्या दुकानात आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "भाऊ, परवा अल्लीपूरले चाल्ता का माह्यासंगं?"

"आणि ॲव्हरेज?"

"घसरू द्या," दादारावजी म्हणाले. तेव्हा मी त्यांचा चेहरा नीट पाहिला. माझी थट्टा तिथेच थांबली.

भाऊबीजेला सकाळी निघालो. गाडीत बसल्यावर माझं लक्ष काट्याकडे गेलं. टाकी काठोकाठ भरलेली.

"परवा स्वस्तात भरून घेतली वाटतं?"

"नाई जी. भरलेलीच राह्यते." रोज सकाळी जेवढं जळतं तेवढं कॅनमधून परत टाकतो, असं ते म्हणाले. मग मला ती मे महिन्यातली फवारणी आठवली.

वर्धा मागे पडलं, वायगाव मागे पडलं. दोन्हीकडे कपाशी फुटली होती, वेचणीला बाया लागल्या होत्या. एका बाभळीजवळ दादारावजींनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. मला वाटलं, पाणी प्यायचं असेल.

"इथंच," ते म्हणाले. "सुमीचे मालक, आमचे जावई, गेले त्या दिवशी इथंच गाडी बंद पडली माही."

"हो, बिघडली होती म्हणे."

"लोकाईले तसं सांगतलं. बिघडली गिघडली काई नव्हती." ते समोर रस्त्याकडे पाहत बोलत होते. "सुमीचा फोन आला, म्हने, ह्यायले बरं नाई दादा, लवकर ये. म्हटलं दवाखान्यात न्याचं असन. गाडी काढली. काटा पार खाली टेकला होता. पन दुसऱ्या दिवशी पेट्रोल उतरनार होतं ना जी, बातम्यांत सांगतलं होतं. पंप समोरून गेला. म्हटलं, पुरते. इथपरेंतच पुरलं."

पुढे ते पायी निघाले होते, मग कुणाच्या तरी टेम्पोत बसले. पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. ते घाटावर गेले, पण बहिणीच्या घरात पाय टाकला नाही. त्यानंतर आजतागायत नाही.

"टाकी तवापासून रिकामी ठेवत नाई मी. सुमीचा फोन कवाही येऊ शकते."

"येतोच की दर वर्षी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तो नाई जी. तसा फोन." आणि त्यांनी गाडी सुरू केली. मला त्यांची फार दया आली, आणि माझीही थोडी लाज वाटली.

सुमनबाईंचं घर अल्लीपुरात आतल्या आळीला. दार उघडंच होतं. आत पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताटात निरांजन. सुमनबाई बाहेर आल्या. दादारावजी उंबऱ्याबाहेरच थांबले, चप्पल पायातच.

"ये ना, दादा."

"सुमे, आधी आयक. त्या दिवशी गाडी बिघडली नव्हती. पेट्रोल संपलं होतं. स्वस्त होनार होतं म्हनून म्या भरलं नाई. भरलं असतं तर जावयाले दवाखान्यात..."

"म्हनून येत नव्हता तू?"

दादारावजींनी मान डोलावली.

"काय बाप्पा, दादा! तुले फोन केला तवाच ते गेले होते. तुले गाडी चालवत याचं होतं, तसं कसं सांगू फोनवर? बरं नाई, असंच सांगतेत ना आपल्याकडं."

मी मनात म्हटलं, खरंच की. आमच्याकडे मरणाचा निरोप कधी सरळ देत नाहीत. तब्येत बरी नाही, या, एवढंच सांगतात, आणि ऐकणारा समजून घेतो. दादारावजींनी स्वतः असे निरोप कितीतरी घरी पोचवले आहेत. पण तो निरोप सख्ख्या बहिणीचा होता, आणि त्यांनी तो खरा धरला.

"मंग..." दादारावजी म्हणाले. "मंग गाडी कायले बलावली होती?"

"गाडी कोनं बलावली? म्या तुले बलावलं होतं."

मी उगाच बाहेर येऊन गाडीच्या काचेवरची धूळ पुसत बसलो. मग निरांजनाचा वास आला आणि सुमनबाईंचा आवाज, "रडू नोको, हालू नोको. टिका वाकडा होते."

निघताना त्यांनी आम्हा दोघांना चिवड्याचे डबे दिले आणि दादाला खिडकीतून बजावलं, "आता पेट्रोल चढलं तरी येजो."

ते संक्रांतीच्या सुमाराला चढलं. गल्लीत सगळे पुन्हा सरकारच्या नावानं बोटं मोडू लागले. मीही सकाळी दुकान उघडता उघडता सवयीनं ओरडलो, "दादारावजी, चढलं ना जी पेट्रोल!"

ते गाडीचं कव्हर काढत होते. मागच्या सीटवर तिळगुळाचा डबा होता. "चढू द्या ना बाप्पा," ते म्हणाले, आणि कडुलिंब ओलांडून पुढे निघून गेले.