परबकाकांची बाय आणि माझी बादली

आमच्या चारकोपच्या बिल्डिंगमधले परबकाका दर रविवारी गच्चीवर जाऊन एका शेगडीला लाडाने ‘बाय माझी’ म्हणायचे. शेगडी कसली, अंड्याच्या आकाराचं हिरवं सिरॅमिकचं धूड! बंद पडलेल्या एका हॉटेलातून आणून, चार माणसं लावून वर चढवलेलं.

कोणी नुसतं बघितलं तरी इतिहास सुरू. “जपानात मातीची चूल होती, भात शिजवायची. लढाईनंतर अमेरिकन शिपाई ती घरी घेऊन गेले. मातीला तडे जायला लागले, म्हणून हे सिरॅमिक आलं. मूठभर कोळसा नि दिवसभर धग! बांगडा बाहेरून खरपूस, आत रसाळ.” झाकणाला हात लावला की ओरडायचे, “उघडू नको गो, धग पळता!” विझवायलाही पाणी नाही. खालचं-वरचं भोक बंद करायचं. “वारो बंद केलो की आपसूक निजता बाय.” ऐकून ऐकून कान किटले होते माझे.

त्या रविवारी लेकीला बघायला पाहुणे येणार होते, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर हा धूर! डोकंच फिरलं. काका लिंबू आणायला खाली गेलेले. मी झाकण उघडलं, कपड्यांची बादली गच्चीतल्या नळाखाली भरली आणि निखाऱ्यांवर ओतली. टण्! तापलेल्या शेगडीला वरपासून खालपर्यंत तडा. बादली तिथेच टाकून मी घरात पळाले.

संध्याकाळी जिन्यात सगळे हळहळत होते. काका म्हणाले, “माझ्याच हातून झाला. मीच पाणी ओतलंय. म्हातारो झालंय, दुसरा काय?” मी मागे मान खाली घालून उभी. शरमेने कान तापले, तशी हळूच घरात सटकले.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात काका, हातात माझी बादली. तिच्यावर आमचा फ्लॅट नंबर मीच लाल रंगाने लिहिलाय. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं! बादलीत झाकलेला डबा होता.

“गॅसवर भाजलेत बांगडे, तशी चव नाय. पण खा.”

“काका, त्या दिवशी मी…”

“ऱ्हवांदे गो.” ते चौकटीला टेकले. “तुझी काकी गेली, तेव्हापासून एकट्याक जेवण जात नाय. बाय होती म्हणून रविवारी चार माणसा वर येत. आता कोण येतला?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांना हाताला धरून आत बसवलं, पानं घेतली. जेवताना डोळ्यांतलं पाणी थांबेना. “तिखट लागलं,” म्हटलं मी. काकांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला.